चौऱ्याहत्तर गावांची एक फाईल

ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे. बीडच्या एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून वीसेक वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या, त्याची ती खोड होती. चहा आला की, "चहा आलेला आहे मास्तर, चहा आलेला आहे." जायला उठले की, "मी निघतोय, मी निघतोय." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा वर चढायचा. पहिल्यांदा कुणी ऐकलंच नसणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. त्यांच्याच वयाचा एक ड्रायव्हर त्यांना चिडवायचा, "कंट्रोलर, लग्नात बायकोचं नाव पण दोनदा घेतलतं का बे?" ते हसायचे. हसू मात्र एकदाच यायचं आणि लगेच मिटायचं.

लग्न झालेलं होतं. बायको घाटनांदूरला, तिच्या माहेरी राहायची. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण एवढं मी स्वतः ऐकलेलं आहे, की घाटनांदूरची गाडी ते बाकीच्या गाड्यांपेक्षा सावकाश पुकारायचे. एकेक अक्षर हातानं खाली ठेवल्यासारखं.

स्टँडावर सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. मी कंट्रोलरसाहेब म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, मी वीस-बावीस वर्षांनी लहान असूनही. मी त्यांच्याशी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता लिहायला बसलोच आहे, तर आधी ते कसे होते ते लिहितो. माझं ओघानं येईलच.

औरंगाबादेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी बीडला परतलो आणि स्टँडासमोर, एका किराणा दुकानाच्या माडीवर क्लास काढला. दिवसच तसे होते. जिथं तिथं एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, केबलवाले या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी ओढत होते, आणि ज्याच्याकडे दोन मशीन आणि एक पंखा तो इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर झाला होता. माझ्याकडे तीन मशीन होती. म्हणजे मी डायरेक्टरपेक्षाही मोठा.

एके दिवशी दुपारी हे खाकी कपड्यातले गृहस्थ जिना चढून वर आले. चप्पल खाली रस्त्यावरच काढलेली. पाय स्टँडावरच्या नळाला धुऊन आलेले, त्यामुळं जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे. म्हणाले, "ही मशीन सांगितलं तसंच करती का डोकं चालवती?"

"सांगितलं तसंच करते."

"मंग जमंल. डोकं चालवनारी लई हायत आमच्याकडं. लई हायत."

पोरापोरींच्या बॅचमध्ये ते तिसऱ्या नंबरच्या मशीनवर बसायचे. त्याच मशीनवर. ते रिकामं नसलं तर उभे राहायचे, पण दुसऱ्यावर बसायचे नाहीत. एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर दाबलं की ते पडद्यावर खरंच उमटलं का, हे मान वर करून बघायचे. घराची ओढ त्यांना नव्हती. बॅच संपली तरी बसून राहायचे. मी कुलूप हातात घेतलं की मग, "मी निघतोय, मी निघतोय."

त्यांना काय करायचं होतं ते कळायला मला महिना लागला.

स्टँडाच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना होता. एखादी बाळंतीण अडली, रक्त लागलं, की तिचे नातेवाईक धावत स्टँडावर यायचे आणि कंट्रोलरच्या खिडकीत हात जोडायचे, "सायेब, तेवढं माईकवरनं सांगा की." ते सांगायचे. दोनदा. शे-दोनशे माणसं ऐकायची, त्यातला एखादा उठायचा. जो उठायचा त्याचं नाव, गाव आणि रक्ताचा गट ते ड्युटीच्या तक्त्याच्या पाठीमागं लिहून ठेवायचे. अशी आठ-नऊ वर्षं गेली. तक्त्यांचा गठ्ठा झाला. पुढं गरज पडली की ते त्या गावाच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचे आणि परतीच्या गाडीनं माणूस यायचा. हे सगळं त्यांना मशीनमध्ये घालायचं होतं.

मी म्हणालो, सोपं आहे. एक यादी करू. नाव, गाव, गट असे तीन रकाने. दोन दिवसांचं काम.

ते म्हणाले, "यादीत मानूस सापडत न्हाई मास्तर. मानूस गावात सापडतो."

आणि त्यांनी मला पहिलं पान दाखवलं. लिंबागणेशचं होतं. वर गावाचं नाव, खाली देणाऱ्यांची नावं, आणि त्याखाली त्यांच्या गोल अक्षरात: ‘देवळासमोरच्या हॉटेलात निरोप द्यावा. मालकाला देऊ नये, तो विसरतो. मालकिणीला द्यावा.’ दुसरं पान तलवाड्याचं: ‘दोघे सख्खे भाऊ. एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं धरू नये.’ तिसऱ्या एका गावाचं: ‘हा बोलावल्यावर आधी नाही म्हणतो. दहा मिनिटं थांबावं. येतो.’

त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक गावात माणसाला हाक मारायची रीत वेगळी असते, तर प्रत्येक गावाची फाईलही वेगळी पाहिजे. यादीत फक्त गट आणि गाव. पडद्यावर गट टाकला की गावं दिसतील, गाव निवडलं की त्या गावाची फाईल चालू होईल आणि तिथं काय करायचं ते ती सांगेल. कॉम्प्युटरच्या शहाण्या माणसानं असं कधी केलं नसतं. मी त्यांना तसं बोललोही. ते म्हणाले, "आसंल." आणि घाटनांदूरचं पान टाइप करायला घेतलं. ते एक पान टाइप करायला त्यांना चार दिवस लागले. बाकी कुठल्याच पानाला एवढे लागले नाहीत.

अशा चौऱ्याहत्तर फायली झाल्या. पहिल्या चाळीसेक त्यांनी स्वतः टाइप केल्या, एका बोटानं. पुढं मलाच धीर धरवेना, तेव्हा मी म्हणालो, पानं द्या, मी करतो. ते गावाचं पान आणून द्यायचे, मी टाइप करून पान खाली दुकानात पुड्या बांधायला द्यायचो. टाइप करणारा माणूस वाचत नसतो, अक्षरं बघत असतो. मी त्यातलं एकही पान वाचलं नाही.

काम झाल्यावर त्यांचा एक खेळ असायचा. डिरेक्टरीची, म्हणजे फायलींची यादी दाखवायची, आज्ञा द्यायची आणि पडद्यावरून खाली सरकणारी गावांची नावं बघत बसायचं. एकदा हळूच म्हणाले, "सगळ्या गाड्या फलाटाला लागल्यासारख्या वाटत्यात." हे मात्र ते एकदाच म्हणाले.

अडचण दवाखान्यात आली. डॉक्टरबाईंनी मोठ्या हौसेनं एक मशीन घेतलं, आम्ही प्रोग्राम त्यावर चढवला. पण तो चालवायला आधी तो ज्या डेटाबेसच्या भाषेत लिहिला होता ती भाषा मशीनवर घालावी लागायची, मग चौऱ्याहत्तर फायली, मग आज्ञा. तिथल्या सिस्टरच्या हातून आज ही फाईल पुसली जायची, उद्या ती. दर दोन दिवसांनी कंट्रोलरसाहेब ड्युटी संपवून तिकडं धावायचे. सिस्टर तर मशीनकडं बघायचीच नाही, सरळ स्टँडावर फोन करायची. सुट्टीच्या दिवशी आपण कुठं असू हे कंट्रोलरसाहेब आदल्या दिवशी तिला सांगून जायचे. आणि जायचे तरी कुठं? कुठल्या तरी गावाला, नवीन रक्त देणारे शोधायला.

मी त्यांना म्हणालो, "साहेब, हे सगळं मिळून एकच फाईल करता येते. नाव टाकलं की चालू. भाषा नको, काही नको. पुसायचं म्हटलं तरी एकच पुसावी लागेल."

"सगळी गावं एकात?"

"सगळी. तुम्ही नसलात तरी चाललं पाहिजे ना."

हे वाक्य मी सहज बोललो. ते खिडकीबाहेर स्टँडाकडं बघू लागले. मग म्हणाले, "व्हय. ते बी खरंच हाय."

मी औरंगाबादेतून त्यासाठी लागणाऱ्या फ्लॉप्या आणल्या. पहिल्याच दिवशी त्यांचा हिरमोड झाला. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर त्यांनी त्या गावाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, मशीनसाठी नव्हे, वाचणाऱ्यासाठी. मी सांगितलं, एकत्र बांधताना त्या ओळी गळून पडतात, मशीनला त्यांचं काही काम नसतं.

"आन् वाचनाऱ्याला?"

"आता वाचायचं काही राहतच नाही, साहेब."

मग त्यातलं जे अगदी जरूर होतं ते आम्ही पडद्यावर दिसेल असं करून घेतलं. पहिली चाचणी म्हणून दहा गावांचा एक गठ्ठा बांधला. त्यांनी सवयीनं डिरेक्टरी बघितली. एकच नाव.

"गाड्या कुठं गेल्या मास्तर?"

"सगळ्या आत आहेत."

"बघायच्या कशा?"

"बघायच्या नसतात."

आता जे घडलं ते नीट सांगतो, म्हणजे नंतर पळवाट राहायची नाही.

फायली एकत्र बांधणारं जे साधन असतं, ते फक्त नाव घेऊन बोलावलेल्या फायली आत घेतं. आमचा प्रोग्राम गावांना नाव घेऊन बोलवत नव्हता. ‘समोरच्यानं जे निवडलं ते गाव बोलव’ एवढंच त्यात होतं. त्यामुळं गावांची यादी मला हातानं लिहून द्यावी लागायची. यादीत जे गाव नाही ते आत जात नाही. तक्रारही होत नाही. बांधलेली फाईल वरून दिसायला अगदी पूर्ण दिसते.

मी चौऱ्याहत्तर नावं लिहिली, फाईल बांधली आणि दवाखान्यात नेली. ती उघडेना. मशीनची स्मृती कमी पडत होती. यावर उपाय होता: प्रोग्रामचे तुकडे पाडायचे आणि लागेल तेव्हा लागेल तो तुकडा स्मृतीत यायची सोय करायची. त्याला दोन दिवस लागले असते. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उद्घाटन होतं. एक पुढारी यायचे होते, मांडव पडला होता, आणि पहिल्याच पडद्यावर मी माझं नाव घातलं होतं. त्यांचं नव्हे, माझं. त्यांनी ते बघितलं होतं आणि म्हणाले होते, "बरोबर हाय. बांधलंय तुमीच."

मी यादीतून अकरा गावं काढली. ज्या गावात एकच रक्त देणारा होता अशी. फाईल लहान झाली, उघडली. गट-गावांच्या तक्त्यात ती गावं तशीच राहिली, म्हणजे पडद्यावर दिसत होती. आत काही नव्हतं. काढलेल्या अकरा फायली मी दोन्ही मशीनवरून हलवून एका फ्लॉपीवर ठेवल्या आणि मनाशी म्हणालो, आठवडाभरात नीट करून देऊ. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी उद्घाटन होऊ दिलं नसतं.

उद्घाटन झकास झालं. पुढारी म्हणाले, "आमचं गाव दिसतंय का बघा ह्याच्यात." सिस्टरनं गाव निवडलं. पडद्यावर आलं, इंग्रजी अक्षरातल्या मराठीत: ‘चार जण. सरपंचाकडे निरोप देऊ नये, तो आधी फोटोवाल्याला शोधतो.’ ही ओळ मी टाइप केलेली होती आणि वाचली नव्हती. सरपंच शेजारीच उभे होते. मग पुढाऱ्यांनाच हसू फुटलं, "कोन बे हा? लई बारीक बघतो!" कंट्रोलरसाहेब मागच्या रांगेत होते, खाकीतच. कुणीतरी त्यांना पुढं ढकललं. त्यांनी नमस्कार केला. दोनदा.

त्या दिवसापासून ते सुट्टीला कुठं जाणार हे सिस्टरला सांगेनासे झाले. आता मशीन बसलं होतं.

आठवड्याचे दोन महिने झाले. तालुक्यातालुक्यातून मला कामं येऊ लागली. कधी तरी नवीन बॅचसाठी फ्लॉप्या कमी पडल्या, तेव्हा जुन्या घेऊन सरसकट पुसल्या. त्यात ती अकरा गावं गेली. हे मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही.

वैशाखातली दुपार होती. फोन वाजला. सिस्टर म्हणाली, "सर, बी निगेटिव्ह टाकलं तर एकच गाव दाखवतंय, खडकाळवाडी. आणि ते निवडलं की सगळं बंद पडून काळा पडदा येतोय."

खडकाळवाडी ऐकताच मला कळलं. तरी मी काय म्हणालो? आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य म्हणालो. "मशीन बंद करून परत चालू करा."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. मी म्हणालो, परत एकदा करून बघा. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईच होत्या. "मला मशीन नकोय हो, माणूस पाहिजे. बाळंतीण आहे. कळतंय का?"

मी स्टँडावर पळालो. कंट्रोलरसाहेबांची सुट्टी होती. खोलीला कुलूप. कुठं गेलेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परत येऊन सगळ्या फ्लॉप्या घालून पाहिल्या, तेव्हा त्या पुसल्याचं लक्षात आलं. तोवर बाळंतिणीच्या दिरानं जीप काढून खडकाळवाडी गाठली होती. डोंगरपट्ट्यातली चाळीस घरांची वाडी. तो गावभर ओरडत फिरला, इथं रक्त देणारं कोन हाय, रक्त देणारं कोन हाय. लोकांनी दारं लावून घेतली. जीप रिकामी परत आली.

दिवेलागणीला ती गेली. बावीस वर्षांची होती, गेवराईकडची. बाळ वाचलं. तिचं नाव मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोलरसाहेब क्लासवर आले. बॅच चालू होती. ते दारातच उभे राहिले.

"मास्तर, खडकाळवाडीचं पान मी तुमाला दिलतं का न्हाई?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. ते ओरडतील, जाब विचारतील, याची तयारी मी रात्रभर केली होती. पण त्यांनी माझ्यावर संशयच घेतला नाही. ते स्वतःवरच घेऊन आले होते. पान माझ्याकडे नव्हतं. पान पुडी होऊन कधीच कुणाच्या घरी गेलं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "नव्हतं दिलं बहुतेक, साहेब."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे माझ्याकडनंच राह्यलं."

मी बॅचकडं वळलो. मुलं टाइप करत होती. ते जिना उतरून गेले, आणि जाताना निघतोय असं म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी मी स्टँडावर त्यांच्या खिडकीशी उभा होतो. का गेलो होतो? सांगायला गेलो होतो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे की नाही, मलाही ठाऊक नाही. तेवढ्यात एक माणूस आला, खांद्याला पिशवी, पिशवीतून थापीचा दांडा बाहेर आलेला. खडकाळवाडीचा गवंडी.

"सायेब, मी घरामागंच भीत बांधत व्हतो की. जीप आलती. पर आपलं ठरलं व्हतं ना, ‘बीडला काम निघालंय’ म्हनायचं. घरी बायकोला ठावं न्हाई, मी रगत देतो ते. मला वाटलं हे दुसऱ्याच कुनाचं काय तरी हाय. कावून निरोप न्हाई धाडला?"

कंट्रोलरसाहेब खिडकीशी वाकले. म्हणाले, "माझी चूक झाली. माझी चूक झाली."

माईकचं बटण चालूच राहिलं होतं. ते शब्द स्टँडभर गेले, पार पलीकडच्या फलाटापर्यंत. कुणीही मान वर केली नाही. लोकांना वाटलं असेल, एखादी गाडी रद्द झाली. मी तिथून निघून आलो.

पुढं लोक ‘कंट्रोलरच्या कॉम्प्युटरनं बाई घालवली’ म्हणू लागले. पडद्यावर नाव माझं, पण बीडमध्ये तो प्रोग्राम त्यांचाच होता. डॉक्टरबाईंनी मशीनवर कापड टाकलं. स्टँडावर येऊन माईकवरून सांगा म्हणणारेही कमी झाले. कुणी आलंच तर कंट्रोलरसाहेब दुसऱ्या कंट्रोलरकडे बोट दाखवायचे. क्लासवर ते पुन्हा आले नाहीत. तिसऱ्या मशीनवर इतर मुलं बसू लागली. वर्षभरात त्यांनी दुसऱ्या डेपोला बदली मागून घेतली असं ऐकलं. त्याआधीच मी पुण्याला गेलो होतो. मुलाखतीत मी ती फाईल चालवून दाखवली, त्रेसष्ट गावांची. मुलाखत घेणारे म्हणाले, फार सुबक बांधलंय. मला नोकरी लागली.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती चांगली गेली. भाषा बदलल्या, साधनं बदलली, पण काम तेच राहिलं. विखुरलेल्या फायली एकत्र बांधायच्या आणि परक्या मशीनवर चालतील अशा करून द्यायच्या. दोनेक वर्षांपूर्वी कंपनीतल्या एका सहकारी बाईंकडून अशीच एक फाईल आत घ्यायची राहिली आणि ग्राहकाकडे प्रोग्राम बंद पडला. मी दहा जणांसमोर त्यांना नको तितकं बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "चूक माझीच आहे सर. मी ग्राहकाला तसं कळवलंय सुद्धा." त्यांना हे एवढं सोपं गेलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

कंट्रोलरसाहेबांना शोधायला फार वेळ लागला नाही. स्टँडावरच्या जुन्या माणसांनी सांगितलं, ते तलवाड्याला पुतण्याकडे असतात. मागच्या हिवाळ्यात गेलो. ओसरीवर खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. डोळ्यांवर जाड भिंगं. पुतण्याची बायको मोठ्यानं म्हणाली, "अन्ना, पुन्याचं कुनीतरी आलंय." त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"मास्तर? बसा."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. स्मृती कमी पडली ते, अकरा गावं काढली ते, फ्लॉपी पुसली ते, आणि दारात उभं राहून त्यांनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते. मध्ये चहा आला. तो दोघांचाही तसाच राहिला.

माझं बोलणं संपेपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पान मी दिलतं."

"हो."

"दिलतं."

"दिलं होतं, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मी वाट बघत होतो. त्यांनी मला शिवी द्यावी, निघून जा म्हणावं, काहीही म्हणावं. ते म्हणाले, "बाकीची धा कोनती?"

"काय?"

"अकरा काढली म्हनताव. खडकाळवाडी एक. मंग धा कोनती?"

मी म्हणालो, आता त्याचा काय उपयोग. दुसऱ्या कुठल्या गावाची गरज पडली होती का नव्हती, तेही आपल्याला कळणार नाही.

"आपल्याला न्हाई कळनार. पर त्या मानसांना मी सबूद दिलता, तुमची येळ आली की निरोप येईल म्हनून. निरोप आला न्हाई तर त्यांना काय वाटलं आसंल? आपलं रगत कुनाला लागलंच न्हाई. का ह्या कंट्रोलरनं आपल्याला मोजलंच न्हाई." त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, "जी हायत त्यांना पत्र घालू. कागद घ्या. तुमीच लिवा, माझा हात हालतो."

पुतण्याच्या मुलीच्या वहीचं पान घेतलं. मी एक ते दहा आकडे घातले आणि लिहू लागलो. मी नाव म्हणालो की ते त्या गावच्या माणसाचं नाव सांगायचे, आणि तो असेल का नसेल तेही. "हा गेला. त्याच्या पोराला लिवा." "हा आसंल. ह्याला मरायला सवड न्हाई." आठ गावं झाली. नववं मला आठवेना. दहावंही. एके काळी त्यांना चौऱ्याहत्तर गावं तोंडपाठ होती, पण कुठली आत होती आणि कुठली बाहेर, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

"आठवा," ते म्हणाले. "साडेपाचला तुमची गाडी हाय. लई येळ हाय."

मी डोळे मिटून त्या पडद्यावरची यादी आठवायचा प्रयत्न केला. ज्या ओळी मी पुसल्या होत्या त्यांच्या वरची गावं आठवत होती, खालची आठवत होती. ते माझ्याकडं बघत बसले होते, रागानं नाही, घाईनंही नाही. ओसरीवरचं ऊन खाली उतरून अंगणात गेलं. साडेपाचची गाडी येऊन गेल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला.

कागदावर नऊ आणि दहा हे आकडे नुसतेच होते.

"सकाळी सातला दुसरी हाय," ते म्हणाले, आणि आत हाक मारून माझं अंथरूण घालायला सांगितलं.